वाईट बातमी सांगायला शिकवून येतं का?

दुसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट

मेडिकल ऑन्कोलॉजीच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचारांच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

५२ वर्षांच्या एक बाई. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं व्यवस्थित पार पडलं, फॉलोअपही कधी चुकला नाही. या वेळी कंबरदुखी घेऊन आल्या. बोन स्कॅन केला, मग बायॉप्सी. हाडांत पसरलाय. सर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते, मला म्हणाले, "तू सांग."

मी तयारी करून गेलो होतो. रिपोर्ट पाठ होता. रिसेप्टर (औषध ठरवायला लागणाऱ्या गाठीच्या खुणा) काय आहेत, पहिलं औषध कोणतं, त्याचे साइड इफेक्ट, हाडांसाठीचं इंजेक्शन, पुढचा स्कॅन कधी. बाईंना बसवलं आणि सगळं सांगितलं. अकरा मिनिटं बोललो. भिंतीवरचं घड्याळ बरोबर त्यांच्या डोक्यामागे होतं, म्हणून नक्की आठवतंय. त्या पूर्ण वेळ मान हलवत होत्या. मला वाटलं, चांगलं चाललंय. शेवटी विचारलं, "काही शंका?" त्यांनी पर्स उघडली, अर्धी संपलेली एक स्ट्रिप काढली आणि म्हणाल्या, "मग या कॅल्शियमच्या गोळ्या चालूच ठेवू ना?"

मी हो म्हणालो. त्या उठून गेल्या.

म्हणजे अकरा मिनिटांतलं त्यांना काहीही कळलं नव्हतं. सोप्या भाषेत सांगितलं होतं, तरी.

आता प्रश्न. आमच्या विभागात पुढच्या महिन्यात संवादकौशल्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. पेशंटची भूमिका करणारे नट येणार आहेत, आपलं बोलणं व्हिडिओवर घेऊन सगळ्यांसमोर दाखवणार आहेत. जायचं तर दोन नाइट ड्यूट्या नंतर फेडाव्या लागतील. एक सीनियर म्हणाले, "हे अंगातच असावं लागतं. नसेल तर दोन दिवसांत येत नाही, असेल तर जायची गरज नाही." कोणी असं प्रशिक्षण घेतलंय का? खरंच फरक पडतो का?

आणि त्या बाई गुरुवारी परत येणार आहेत. त्यांच्याशी आता काय बोलू?

---

जुना_ऑन्कोलॉजिस्ट

जा. ड्यूट्या फेडाव्या लागल्या तरी जा.

"अंगात असावं लागतं" हे मीही पंधरा वर्षं म्हणत होतो, कारण ते माझ्या अंगात आहे अशी माझी खात्री होती. माझी तक्रार कधी आली नव्हती, पेशंट आभार मानून जायचे. विभागप्रमुखांनी नाव दिलं म्हणून तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला गेलो. आठ डॉक्टर, दोन नट, एक प्रशिक्षिका. तिथं जे पाहिलं ते तुम्हाला नीट सांगतो, कारण तुमची अकरा मिनिटं मला ओळखीची वाटली.

माझ्यासमोर जो नट बसला होता त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि केमो चालू असताना गाठ वाढली होती. मी ते स्पष्ट सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि खिडकीकडे बघायला लागला. मी पुढचं औषध समजावलं. माझ्या मते सगळं छान झालं होतं.

प्रशिक्षिकेनं व्हिडिओ लावला आणि विचारलं, "त्यानं खिडकीकडे पाहिल्यापासून तुम्ही बोलायला लागेपर्यंत किती वेळ गेला?" मी म्हटलं, पाच-सात सेकंद तरी. मोजलं तर दोनसुद्धा नव्हते. मग तिनं आवाज बंद करून तोच तुकडा परत दाखवला. आवाज गेल्यावर मला माझा हात दिसला. समोरच्याचा चेहरा उतरला की माझा उजवा हात फाइलकडे जायचा. दहा मिनिटांत चार वेळा त्याचा चेहरा उतरला, आणि चारही वेळा हात फाइलवर. पानं उलटायची आणि आकडे सांगायचे. मी त्याला धीर देत नव्हतो. मला ते बघवत नव्हतं, म्हणून माहिती देत सुटलो होतो.

त्या नटाला भूमिकेबाहेर येऊन बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या औषधाचं नाव तुम्ही सांगितलंत हे मला आत्ता टेपवर कळलं."

मग तोच प्रसंग त्याच वाक्यापासून परत करायचा होता. या प्रशिक्षणाचा जीव यातच आहे. खऱ्या पेशंटसमोर वाक्य परत घेता येत नाही, इथं येतं. मी फाइल खुर्चीखाली ठेवली. "गाठ वाढली आहे" म्हटलं आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं किती जड असतं हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मुलगी परीक्षा संपवून घरी येईल, तोवर मी असेन ना?" पहिल्या फेरीत हा प्रश्न आलाच नव्हता. तो तेव्हाही त्याच्या मनात होता, मी त्याला जागाच दिली नव्हती.

आता तुमच्या सीनियरच्या मुद्द्याबद्दल. अनुभवानं हे आपोआप येत नाही, हे तपासून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफील्ड यांच्या गटानं ३४ कॅन्सर केंद्रांतल्या १६० डॉक्टरांवर चाचणी केली, २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. काहींना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, काहींना त्यांच्या बोलण्याच्या व्हिडिओवर फक्त लेखी अभिप्राय दिला, काहींना दोन्ही दिलं, काहींना काहीच नाही. प्रशिक्षण घेतलेल्यांचं सहानुभूतीनं बोलणं बरंच वाढलं, प्रश्न विचारण्याची पद्धत सुधारली, पेशंटनं आडून सुचवलेल्या गोष्टींना ते उत्तर देऊ लागले. नुसत्या लेखी अभिप्रायानं फारसं काही झालं नाही. आणि त्यांनी स्वच्छ लिहिलं की सीनियर डॉक्टरांच्या बोलण्यातल्या अडचणी वेळ आणि अनुभव यांनी सुटत नाहीत. वाचून यातलं काही येत नाही. कोणीतरी बघत असताना करावं लागतं, चुकावं लागतं आणि परत करावं लागतं.

आणखी एक आकडा मला नेहमी आठवतो. अमेरिकेत 'ऑन्कोटॉक' नावाचं चार दिवसांचं प्रशिक्षण होतं, खास तुमच्यासारख्या शिकणाऱ्या ऑन्कोलॉजिस्टसाठी. ११५ जण होते, निष्कर्ष २००७ साली आले. वाईट बातमी सांगताना 'कॅन्सर' हा शब्द तोंडातून काढणारे प्रशिक्षणाआधी १६ टक्के होते, नंतर ५४ टक्के. म्हणजे सुरुवातीला बहुतेक जण तो शब्दच टाळत होते. गाठ म्हणायचं, डाग म्हणायचं, 'ॲक्टिव्हिटी' म्हणायचं. तुम्ही त्या बाईंना नेमकं कोणतं वाक्य म्हणालात ते आठवून बघा.

गुरुवारसाठी: पहिलं वाक्य तुमचं माहितीचं नको. "मागच्या वेळी आपण बोललो, त्यातलं तुमच्या मनात काय राहिलं?" एवढं विचारा आणि थांबा. प्रशिक्षणात तुम्हाला 'स्पाइक्स'च्या सहा पायऱ्या शिकवतील, बेल आणि बकमन यांच्या गटानं २०००मध्ये मांडलेल्या. बसायची जागा, पेशंटला काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचंय, मग बातमी, मग भावना, मग पुढचा बेत. तुम्ही चौथ्या पायरीपासून सुरू केलंत आणि पाचवी वगळून सहावीवर गेलात. पहिल्या वेळी सगळे हेच करतात.

---

हाडांचा_सर्जन

जुन्या डॉक्टरांबद्दल आदर आहे, पण मला दोन गोष्टी खटकतात.

एक, वेळ. सकाळच्या ओपीडीत ६० पेशंट असतात. गप्प बसायला वेळ कुठून आणायचा? बाहेर जो वेदनेनं कळवळत बसलाय त्याचाही वेळ आहे तो.

दोन, डॉक्टर चांगलं बोलायला लागला हे मोजलंत. पेशंटचं काय? कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते, तिचा २०१८चा आढावा मी वाचलाय, १७ चाचण्यांचा. पेशंटच्या समाधानात ठळक फरक दिसला नाही. शिकलेलं किती दिवस टिकतं याचाही पुरेसा पुरावा नाही. माझ्या शाखेत एवढ्या पुराव्यावर मी नवीन इम्प्लांट वापरणार नाही.

---

जुना_ऑन्कोलॉजिस्ट

दोन्ही मुद्दे रास्त आहेत.

कॉक्रेनचं तुम्ही बरोबर सांगितलंत. त्याच आढाव्यात हेही आहे की प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मोकळे प्रश्न जास्त विचारतात आणि 'नुसती माहिती देणं' कमी करतात. माझा हात फाइलकडे जाणं म्हणजे तेच. पण ते टिकतं का? माझ्यापुरतं सांगतो, दोन वर्षांत माझा हात परत फाइलकडे जायला लागला होता, एका ज्युनियरनं लक्षात आणून दिलं. मी परत प्रशिक्षणाला गेलो. एकदा टोचून आयुष्यभर पुरणारी ही लस नाही.

पेशंटच्या समाधानाबद्दल मात्र थोडं सावध राहू या. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एक पाहणी आली. फुफ्फुसाचा किंवा आतड्याचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर असलेले ११९३ पेशंट, सगळे केमो घेणारे. या केमोनं आजार बरा होण्याची शक्यता नाही, हे फुफ्फुसाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के पेशंटना समजलेलं नव्हतं. आणि ज्यांनी डॉक्टरांच्या बोलण्याला सर्वात चांगले गुण दिले, त्यांच्यात हा गैरसमज जास्त होता. ती पाहणी वाचल्यावर मी बराच वेळ बसून होतो. माझे आभार मानून जाणारे ते सगळे पेशंट आठवले. गोड बोलणारा डॉक्टर आणि नीट सांगणारा डॉक्टर वेगळे असू शकतात, म्हणून पेशंट खूश आहे का एवढ्यावर मी हे मोजणार नाही.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेत १९९९मध्ये एक प्रयोग झाला होता. बायकांना डॉक्टर-पेशंट संवादाचा व्हिडिओ दाखवला. त्याच व्हिडिओच्या दुसऱ्या प्रतीत डॉक्टरची आपुलकीची काही वाक्यं जास्त होती, तुम्ही एकट्या नाही, मी तुमच्याबरोबर आहे, अशा अर्थाची. ती बघणाऱ्यांची चिंता कमी भरली. त्या जास्तीच्या वाक्यांना ४० सेकंद लागत होते. व्हिडिओ बघणं आणि स्वतः त्या खुर्चीत बसणं एक नाही, हे मान्य. पण ४० सेकंद मी साठाव्या पेशंटलाही देऊ शकतो.

---

तिसरा_फॉलोअप

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. दुसऱ्यांदा झाला तेव्हाची गोष्ट सांगते, कारण रेसिडेंट डॉक्टरांनी लिहिलेलं एक वाक्य मला टोचलं. "त्यांना काहीही कळलं नव्हतं."

त्यांना कळलं होतं.

मला लिव्हरमध्ये पसरल्याचं सांगितलं त्या दिवशी डॉक्टर खूप बोलले. मी फक्त त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन बघत होते, टोपण नसलेलं, खिशाला निळा डाग पडलेला. बोलणं संपल्यावर मी विचारलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय, नवीन करून घेऊ का?" ते म्हणाले, "हो हो, काही हरकत नाही." मी घरी आले.

मला चष्म्याबद्दल विचारायचं नव्हतं. नवीन चष्मा करण्याइतके दिवस माझ्याकडे आहेत का, हे विचारायचं होतं. तसं सरळ विचारायचं धाडस होत नव्हतं, आणि हातात तेवढाच एक प्रश्न होता जो रडू न येता विचारता येत होता.

पुढे डॉक्टर बदलले. नवीन मॅडमना मी असंच काहीतरी विचारलं, बहुतेक भाडेकरार अकरा महिन्यांचा करू की जास्त, असं. त्यांनी लिहायचं थांबवलं आणि विचारलं, "हे आज का विचारावंसं वाटलं?" त्या दिवशी मी पहिल्यांदा दवाखान्यात रडले, आणि मगच ट्रीटमेंटबद्दल नीट ऐकू शकले. मॅडम तेव्हा काही खास बोलल्या नाहीत. टिश्यूचा बॉक्ससुद्धा लगेच पुढे केला नाही. मला ते आवडलं, कारण बॉक्स पुढे आला की आता आवरा असं वाटतं.

तुम्ही प्रशिक्षणाला जा. आणि गुरुवारी त्यांना ती कॅल्शियमची गोळी विचारा.

---

डेकेअर_सिस्टर

डॉक्टर केबिनमधून "समजलं ना?" विचारून सोडतात, आणि पेशंट खरा प्रश्न आम्हाला विचारतात, सलाइन लावताना. "सिस्टर, म्हणजे आता बरं होणार नाही का?" आत काय सांगितलं गेलं हे आम्हाला माहीतच नसतं. एक बोललं जातं, दुसरं बाहेर पडतं, घरचे तिसरंच सांगत असतात.

आमच्याकडे एका प्रशिक्षणात डॉक्टरांबरोबर आम्हालाही बसवलं. त्यानंतर एकच गोष्ट बदलली, पण ती टिकली आहे: वाईट बातमी सांगायच्या वेळी आमच्यातली एक जण आत असते. बोलत नाही. डॉक्टर कोणते शब्द वापरतात ते ऐकते, लिहून घेते, आणि नंतर तेच शब्द वापरते. दहा मिनिटांनी जाऊन विचारते, "आत डॉक्टर काय म्हणाले, मला सांगता का?"

आणि नातेवाईक दारातच अडवून "त्यांना काही सांगू नका" म्हणतात, त्याचाही सराव करून घ्यायला सांगा. तिथं भले भले डॉक्टर गडबडतात. आमच्या प्रशिक्षिकेनं शिकवलेलं वाक्य मला फार उपयोगी पडलं: "सांगितलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतंय?" वाद घालायचा नाही, त्यांची भीती आधी ऐकायची. मग म्हणायचं, मी आपणहून काही लादणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. बहुतेक घरचे याला तयार होतात.

---

दुसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट

सगळ्यांचं वाचून मग आज त्यांना भेटलो. सिस्टरना विचारलं, त्या आत येऊन बसल्या.

जुन्या सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारलं, मागच्या वेळचं काय मनात राहिलं. बाई म्हणाल्या, "हाडात आलाय. आता औषधावर ठेवणार, पण जाणार नाही पूर्ण." म्हणजे सगळं कळलं होतं. ताई, तुम्ही बरोबर होतात.

मग म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही कॅल्शियमच्या गोळ्यांचं विचारलंत. तेव्हा मनात काय होतं?" त्या गप्प झाल्या. मला तीन वेळा बोलावंसं वाटलं. इंजेक्शननं हाडं मजबूत होतात, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. हात टेबलाखाली धरून ठेवले.

त्या म्हणाल्या, "आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पावणेदोन वर्षं अंथरुणात होती, सगळं मीच केलं. मरणाचं मला एवढं नाही वाटत. तसं पडून राहायचं नाही." मग थोड्या वेळानं, "आणि आता ही उजवी मांडी पण दुखते."

मांडीचं त्या याआधी बोलल्याच नव्हत्या. कंबर दुखते म्हणून आल्या होत्या, म्हणून मी कंबरेचंच विचारलं होतं. स्कॅनमध्ये उजव्या मांडीच्या हाडात, वरच्या भागात, डाग होता. माझ्या अकरा मिनिटांत तो 'हाडांत पसरलाय' यातच गेला होता.

मी म्हटलं, "आईचं तसं सगळं बघितल्यावर ही भीती वाटणारच." एवढंच सुचलं. त्या रडल्या. सिस्टरनी खुर्ची जवळ घेतली. सगळं मिळून चौदा मिनिटं लागली, मागच्यापेक्षा तीन जास्त.

प्रशिक्षणाला नाव दिलंय.

---

हाडांचा_सर्जन

मांडीचा साधा एक्स-रे काढलात का? दोन्ही बाजूंनी, पूर्ण हाड, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत. नुसत्या बोन स्कॅनवर ठरवू नका.

आणि त्यांना विचारा, दुखणं झोपल्यावरही असतं की पाय टेकवल्यावर उठतं. वजन दिल्यावर दुखत असेल तर मिरेल्सच्या गुणांकनात (हाड मोडण्याचा धोका मोजायची पद्धत) एकदम तीन गुण धरतात. जागा, आकार, हाड किती पोखरलंय, सगळं मिळून नऊ किंवा त्याहून जास्त झालं तर मोडायच्या आधी हाडात रॉड घालून घ्यावा. मोडल्यानंतरच्या ऑपरेशनपेक्षा ते पेशंटला पुष्कळ सोपं जातं.

एक्स-रे बघेपर्यंत त्या पायावर पूर्ण वजन द्यायचं नाही, जिना नाही. हे आजच फोन करून सांगा.

---

दुसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट

फोन केला. पाय टेकवल्यावर दुखतं म्हणाल्या. एक्स-रे उद्या सकाळी आठला, ऑर्थोला कळवलंय.